समासात शिकवणारे शिक्षक : महाराष्ट्रातील कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणक्रम चालवणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,



येत्या जुलैत आपल्या विद्यापीठांचे नवे प्रवेश सुरू होतील. जाहिराती, माहितीपुस्तिका, शुल्क भरण्याचे पोर्टल, सगळे वेळेवर तयार होईल. त्याच सुमारास कितीतरी तरुण मुलेमुली संमंत्रक (दूरशिक्षणातले मार्गदर्शक शिक्षक) किंवा ऑनलाइन मेंटॉर म्हणून पहिल्यांदाच कामाला लागतील. त्यांतले बरेचजण नेट किंवा सेट उत्तीर्ण आहेत. सकाळी कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि संध्याकाळी किंवा रविवारी हे काम करायचे, असा त्यांचा दिनक्रम. विषयाची तयारी त्यांची चांगली असते. मात्र दूरच्या विद्यार्थ्याला शिकवायचे कसे, याची तयारी त्यांच्याकडून कोणीही करून घेतलेली नसते. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. लिहिते आहे आपल्याला, कारण या कामाची सुरुवात कशी व्हावी हे आपल्या हातात आहे.

मी अर्थशास्त्राची संमंत्रक आहे. बरीच वर्षे हे काम करत असल्यामुळे नव्याने आलेली मंडळी विचारायला माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सामानाचा असतो. कॅमेरा कुठला घ्यावा, रिंग लाइट लागेल का, पेन टॅब्लेटवर खर्च करावा का. या प्रश्नात त्यांचा दोष नाही. ऑनलाइन शिक्षक म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो पडद्यावर बोलणारा माणूस. करोनाच्या काळात २०२० साली सगळे शिक्षण एकदम पडद्यावर गेले, तेव्हापासून ती प्रतिमा अधिकच पक्की झाली. मी त्यांना सांगते, एक बरा माइक घ्या आणि बाकीचे पैसे राखून ठेवा. चित्र अस्पष्ट असले तरी विद्यार्थी निभावून नेतो, पण आवाज तुटला की तो उठून जातो. सामानाबद्दल यापलीकडे सांगण्यासारखे फार काही नाही.

सांगण्यासारखे खूप आहे ते गृहपाठाबद्दल. दूरशिक्षणात विद्यार्थी आणि शिक्षक खऱ्या अर्थाने भेटतात ते विद्यार्थ्याने लिहिलेल्या कागदावर. व्याख्यान त्याला पुस्तिकेत मिळते, ध्वनिचित्रफितीत मिळते, यूट्यूबवर तर हवे तितके मिळते. पण त्याने स्वतः जे लिहिले ते वाचून ‘तुझे इथवर बरोबर आहे, इथून पुढे चुकले’ असे सांगणारा माणूस त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्याच्यासाठीच तो शुल्क भरतो. आमचा वर्ग कागदाच्या समासात भरतो, असे मी नव्या संमंत्रकांना सांगत आले आहे.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण ते पाहिल्याशिवाय पुढचे म्हणणे पटणार नाही.

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा गृहपाठ होता. प्रश्न मागणीच्या लवचिकतेचा. तिने लिहिले होते: कांदा महागला तरी घ्यावाच लागतो आणि स्वस्त झाला म्हणून भाजीत कोणी दुप्पट घालत नाही. यंदा आवक वाढली, भाव पडला, गाडीभाडेसुद्धा सुटले नाही. म्हणून कांद्याची मागणी लवचिक आहे.

तपासणारा संमंत्रक नवा होता, हुशार होता. शेवटच्या वाक्यावर त्याने लाल फुली मारली, समासात ‘चूक, व्याख्या पाहा’ असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. नियमाने पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते, निष्कर्ष चुकीचाच होता. पण तिची पहिली दोन वाक्ये पुन्हा वाचा. भाव बदलला तरी खप फारसा बदलत नाही, हे अलवचिक मागणीचे लक्षण तिने घरच्या अनुभवातून अचूक पकडले होते. चुकले होते ते फक्त नाव. भाव जोराने खालीवर होतो म्हणून तिने मागणीला लवचिक म्हटले होते.

आम्ही दोघांनी बसून तो शेरा नव्याने लिहिला. ‘तुमची पहिली दोन वाक्ये अगदी बरोबर आहेत आणि उत्तर त्यांतच आहे. भाव बदलूनही खप फारसा बदलत नसेल तर त्या मागणीला काय म्हणतात ते पुस्तिकेत पाहा आणि शेवटचे वाक्य पुन्हा लिहा. शिवाय भाव पडल्यावर तुमच्या घरचे एकूण उत्पन्न वाढले की घटले, ते आकड्यांत मांडून दाखवा.’ तिने आकडे पाठवले. आदल्या वर्षी वीस क्विंटल, दोन हजारांचा भाव, हाती चाळीस हजार. यंदा तीस क्विंटल, आठशेचा भाव, हाती चोवीस हजार. माल दीडपट आणि पैसा निम्म्याच्या जरा वर. खाली तिने लिहिले होते, ‘म्हणजे मागणी अलवचिक असली की जास्त पिकवणे सगळ्या गावालाच महागात पडते.’ पदवीच्या पुस्तकात हा मुद्दा एका परिच्छेदात येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. तिच्या तो कायमचा लक्षात राहील.

पहिला शेरा लिहायला काही सेकंद लागले होते. दुसऱ्याला वीस मिनिटे लागली. माझे सगळे म्हणणे या वीस मिनिटांविषयी आहे.

ही गोष्ट मी नव्याने शोधून काढलेली नाही. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ मध्ये तिथे शिकवणे सुरू झाले, तेव्हा जगाचे लक्ष गेले ते बीबीसीवरच्या त्यांच्या कार्यक्रमांकडे. विद्यापीठाचा कणा मात्र टपालाने येणारे आणि शेऱ्यांसह परत जाणारे गृहपाठ हाच होता. तिथे एका ट्यूटरकडे साधारण वीसेक विद्यार्थ्यांचा गट असतो. ट्यूटरने तपासलेले काही गृहपाठ दुसरा अनुभवी शिक्षक वाचतो आणि शेरे कसे लिहिले आहेत यावर ट्यूटरला अभिप्राय देतो. म्हणजे शिक्षकाच्या शेऱ्यावरही कोणीतरी शेरा देते. स्वीडनचे दूरशिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाला मार्गदर्शनपर संवाद मानले आणि छापील पाठातूनसुद्धा कोणीतरी आपल्याशी बोलते आहे असे विद्यार्थ्याला वाटले पाहिजे, हा आग्रह आयुष्यभर धरला.

आपल्याकडेही ही दृष्टी होती. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. नाशिकला १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरले. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांना पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत येऊ देण्याची कल्पना त्या काळी किती धाडसाची होती, हे आज सहज ध्यानात येत नाही. शेतकरी, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका या दाराने आत आल्या. कारागृहातही अभ्यासकेंद्रे निघाली. तिथे शिकवणाऱ्याला प्राध्यापक न म्हणता संमंत्रक म्हटले गेले ते मुद्दाम. पाठ पुस्तिका देईल, संमंत्रकाने सोबत करावी, असा त्यामागचा विचार होता.

मग हे काम करणाऱ्याची सोबत कोण करते? बहुतेक ठिकाणी कोणी नाही. नेमणुकीचे पत्र येते, वेळापत्रक येते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात नाव जोडले जाते आणि पहिल्या रविवारी तो समोर उभा राहतो. एका अभ्यासकेंद्रावर नव्या संमंत्रकाला मिळालेले सगळे प्रशिक्षण म्हणजे हजेरीपत्रक कसे भरायचे एवढेच होते. अशा वेळी माणूस जे ठाऊक आहे तेच करतो. महाविद्यालयातले व्याख्यान तसेच्या तसे देतो. समोरची पन्नाशीची बाई हात जोडून ऐकते, सगळे समजले म्हणते आणि पुढच्या रविवारी येत नाही.

आता आकड्यांकडे वळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑनलाइन शिक्षणविषयक नियमांत अडीचशे विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक कोर्स मेंटॉर धरला आहे. अडीचशे विद्यार्थ्यांचा एकेक गृहपाठ, प्रत्येकाला वीस मिनिटे, म्हणजे पाच हजार मिनिटे, त्र्याऐंशी तासांहून जास्त. दिवसाला चार तास बसले तरी एकवीस दिवस, आणि हे एका विषयाच्या एका गृहपाठाचे. सकाळी तीन महाविद्यालयांत धावणारा तरुण हे तास कुठून आणणार? तो फुलीच मारणार आणि फुली मारली म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. त्यात मानधन बहुधा सत्रावर किंवा नगावर असते. सहा ओळींचा विचारपूर्वक शेरा आणि एक फुली यांचा दर एकच. जो मनापासून वाचतो त्याचा तास स्वस्त पडतो आणि जो गठ्ठा उरकतो त्याचा महाग. चांगल्या शिक्षकाला या कामातून बाहेर ढकलण्याची याहून खात्रीची व्यवस्था मला सुचत नाही.

मेंटॉरविना चालेल, ध्वनिचित्रफिती उत्तम करू, असे कोणी म्हणेल. तो प्रयोग जगात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या नामांकित संस्थांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता आणि हे प्रमाण आधीच्या वर्षांपेक्षा घसरलेले होते. तिथे शिक्षक नामवंत होते, चित्रीकरण उत्कृष्ट होते. फुकटात नाव नोंदवणारे हौशी लोक त्यात खूप असतात, हे मान्य. पण तेवढे वगळूनही प्रश्न उरतोच. अडलेल्या माणसाला हाक मारणारे तिथे कोणी नव्हते. आपला ‘स्वयम्’ मंच २०१७ साली सुरू झाला. त्याच्या रचनेत व्याख्यान, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन असे चार भाग आहेत. पहिले दोन एकदा केले की झाले. उरलेल्या दोन भागांना दर सत्रात जिवंत माणूस लागतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली. तयार गृहपाठ पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळत. आता चॅटबॉट ते क्षणात लिहून देतो, तेही शुद्ध मराठीत. नवे संमंत्रक याने हबकून जातात आणि चोरी पकडण्याच्या मागे लागतात. माझा सल्ला वेगळा आहे. प्रश्न विद्यार्थ्याच्या आयुष्यातून काढा. लवचिकतेची व्याख्या लिहा, असे विचारले तर यंत्राचेच उत्तर येईल. तुमच्या घरात भाव वाढल्यावर कोणती वस्तू कमी आणली गेली आणि कोणती नाही, महिन्याच्या वाण्याच्या बिलावरून दाखवा, असे विचारले तर बिल काढून बसावे लागते. मग दहा मिनिटे फोन करून त्या बिलावर बोला. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले तेव्हा आपोआप उघडे पडते आणि त्यासाठी कुणाचा अपमान करावा लागत नाही. पण असे प्रश्न काढायला विद्यापीठाने मोकळीक द्यायला हवी आणि त्या फोनचा वेळ कामात धरायला हवा.

नव्या संमंत्रकाने शिकायच्या गोष्टी तशा फार नाहीत, पण त्या कोणीतरी दाखवाव्या लागतात. प्रवेशानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांत नाजूक असतात. पुस्तिका उघडून, आपल्याला जमणार नाही असे ठरवून माणसे त्याच काळात गळतात. तेव्हा एकेकाला स्वतः फोन करायचा. अभ्यासाचे न विचारता आधी विचारायचे, वाचायला कधी बसता, घरात कोणाला माहीत आहे, मोबाइल तुमचा स्वतःचा की मुलाचा. मुलाचा असेल तर रात्री नऊचे थेट सत्र त्या बाईसाठी नाही, हे तिथेच कळते. तिला पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत पाठवावी, ती भाकऱ्या थापताना ऐकेल. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या शिपायाला शनिवार-रविवार सुट्टी असेल असे गृहीत धरू नये. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला ‘काका’ किंवा ‘ताई’ म्हणावे की ‘तुम्ही’ पुरे, हे पहिल्याच बोलण्यात ओळखावे, पण एकेरीवर कधी येऊ नये. अनेकांना शाळेत एकेरीतच हिणवलेले असते.

शेरा लिहिण्याचीही एक शिस्त आहे. काय बरोबर आहे ते आधी आणि नेमके सांगायचे. ‘छान’ एवढेच लिहिले तर काय छान ते कळत नाही. मग एकच मोठी चूक घ्यायची, सगळ्या चुका एकदम नाहीत. शेवटी पुढच्या वेळी करायचे एक काम द्यायचे, जे त्याला करता येईल. आणि गृहपाठ पंधरवड्यात परत गेलाच पाहिजे. परीक्षेनंतर पोहोचलेल्या शेऱ्याचा कोणालाही उपयोग नाही, मग तो कितीही सुंदर असो.

हे ज्याला जमते त्याला चांगला शिक्षक म्हणायला माझी हरकत नाही, मग त्याचे व्याख्यान बेताचे असले तरी. उलट, फर्डे बोलणारे पण विद्यार्थ्याचा कागद हातात धरायला कंटाळणारे लोक या कामात येऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी इतर व्यासपीठे आहेत.

तरुणांनाही एक सांगायचे आहे, आणि ते या पत्रातच सांगते. पूर्ण पगाराच्या प्राध्यापकीची वाट पाहताना वेळ काढायचे काम म्हणून याकडे पाहू नका. हे स्वतंत्र कौशल्य आहे. आज ते जिल्ह्याच्या गावी बसून करता येते. मराठीतून आणि स्वतःच्या विषयात ते करणाऱ्यांची गरज आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणारे कितीतरी जण याच पद्धतीने घरून काम करतात आणि त्यांनाही शेवटी मुलाने लिहिलेल्या चार ओळींवरच मेहनत घ्यावी लागते. खासगी शिकवणीच्या ॲपवर शंका सोडवण्याचे काम मिळाले तर करा, हात बसतो. पण तिथे प्रश्न येतो, उत्तर जाते, आणि विद्यार्थी पुन्हा भेटत नाही. वर्षभर त्याच विद्यार्थ्याचे लिहिणे सुधारताना पाहायला मिळते ते फक्त दूरशिक्षणात. त्याचा अनुभव एकदा तरी घ्या.

पण माणसाने केवळ आवडीवर किती दिवस काढावेत? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातले ट्यूटरही वर्षानुवर्षे एकेका अभ्यासक्रमापुरत्या करारावर राबत होते. त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २०२२ साली चार हजारांहून अधिक ट्यूटर कायम करारावर आले. त्यांना पन्नास वर्षे लागली. आपण तेवढी लावू नयेत.

म्हणून आपल्यापुढे काही मागण्या ठेवते. त्यांतली एकही अशक्य नाही.

नव्या संमंत्रकाला किंवा मेंटॉरला पहिल्या सत्रात तीसपेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नका. त्याच्या जोडीला एक अनुभवी संमंत्रक द्या, जो त्याचे निवडक तपासलेले गृहपाठ वाचेल आणि त्याच्याशी बोलेल. या जोडीदारालाही मानधन द्या. अशी जाणती माणसे आपल्या प्रत्येक विभागीय केंद्राजवळ आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. गृहपाठाचे मानधन नगावर न देता शेऱ्यासह तपासणीला लागणाऱ्या वेळावर ठरवा आणि ते सत्र संपल्यावर सहा महिन्यांनी न देता महिन्याच्या महिन्याला द्या. विद्यार्थ्यांना केलेले फोन कामात मोजा. आणि सत्र पुरे केल्यावर त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र द्या, ज्यात त्याने किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आणि त्यांतल्या किती जणांनी गृहपाठ पुरे केले, हे लिहिलेले असेल. पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत हा कागद अध्यापनाचा अनुभव म्हणून मानला जावा, यासाठी कुलगुरू म्हणून आपण सगळ्यांनी मिळून शासनाकडे आणि आयोगाकडे आग्रह धरा. आपला शब्द तिथे ऐकला जातो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. चित्रीकरणाचे नवे स्टुडिओ, नवी सॉफ्टवेअर यांवरच्या खर्चातला काही भाग एक वर्षभर इकडे वळवून पाहा. स्टुडिओ पुढच्या वर्षी होईल. या वर्षी प्रवेश घेतलेला माणूस पुढच्या वर्षीपर्यंत थांबत नाही.

हे सगळे एकदम होणार नसेल तर या जुलैत एक विषय आणि एक विभागीय केंद्र निवडा. तिथे तीस विद्यार्थ्यांमागे एक संमंत्रक द्या, त्याला जोडीदार द्या, वेळेचे मानधन द्या, आणि वर्षाअखेर किती विद्यार्थी टिकले याची शेजारच्या केंद्राशी तुलना करून आकडे जाहीर करा. त्या प्रयोगात विनामोबदला नव्या संमंत्रकांसोबत बसायला मी तयार आहे आणि माझ्यासारखे आणखी काही जण तयार आहेत. आपण फक्त बोलवा.

आपली,
अर्थशास्त्राची एक संमंत्रक